फोटोतलं कोपर

"हायस न्हवं?"

मान न वळवता डावा हात पाठीमागं न्यायचा, बोटं हलवायची आणि हे विचारायचं, ही त्याची सवय. रस्त्यानं चालताना, मंडईत, दवाखान्याच्या जिन्यात, अगदी माझ्या मुलीच्या लग्नात जेवायच्या रांगेत उभा असतानासुद्धा. मी मागं असायचोच. मग मला "हाय" म्हणावं लागायचं. नाही म्हटलं तर हा पुढं पाऊल टाकायचा नाही आणि रांगेतली माणसं मलाच बोलायची.

तुम्ही म्हणाल, नाव तरी सांगा त्याचं. सांगणार नाही. त्याचं नाव आधीच भरपूर झालंय. सांगलीत नदीकाठच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, आपल्या होडीत पुढचं वल्हं कुणाचं होतं? चहाचा कप खाली ठेवून तो त्याचंच नाव घेईल, वर "काय गडी हुता!" म्हणेल. मग विचारा, दुसरं वल्हं कुणाचं? म्हातारा डोकं खाजवेल. दुसरं वल्हं माझं होतं.

श्रावणात कृष्णा भरून वाहू लागली की आमच्याकडं होड्यांच्या शर्यती लागतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. आता झेंडे, स्पीकर, एकसारखे बनियन असं सगळं आलंय. आमच्या वेळी लांब निमुळती लाकडी होडी, त्यात एकामागं एक बसलेली पोरं आणि शेवटी सुकाण्यावर एक म्हातारा, बस. पुढचा गडी वल्हं घालेल त्या ठेक्यावर मागच्यांनी घालायचं. आणि त्याच्या लगेच मागं जो बसतो त्याचं काम सगळ्यात वंगाळ. त्याला नदी दिसत नाही, दुसऱ्या होड्या दिसत नाहीत, घाट दिसत नाही. त्याला पुढच्याची पाठ दिसते. माझ्या जवानीतली जी काही कृष्णा मी बघितली, ती त्याच्या दोन खांद्यांच्या वर जेवढी उरायची तेवढी.

मागं काय चाललंय ते पुढच्याला दिसत नाही, आणि त्यानं वळून तर बघायचंच नाही. तो वळला की होडी वळली. म्हणून आमच्या म्हाताऱ्यानं शिस्त लावली होती. पुढच्यानं अधूनमधून ओरडून विचारायचं, "हायस न्हवं?" दुसऱ्यानं "हाय!" म्हणायचं. म्हणजे मागं सगळं ठीक आहे, ओढ जोरात. ही ती सवय. शर्यती सुटल्या, गुडघे गेले, केस गेले, तरी त्याची सवय गेली नाही.

मी पुढं का नव्हतो? बरं विचारलंत. ताकदीला मी कमी नव्हतो. पण तो उंच होता, सांगलवाडीच्या मळ्यात उसाच्या मोळ्या उचलून त्याचे खांदे तयार झालेले, आणि हसला की बाया घागर भरायची विसरायच्या. मी काच-फ्रेमच्या दुकानातला. अब्बांनी बाजारात दुकान घातलेलं; काच कापायची, चौकटी ठोकायच्या. म्हाताऱ्यानं आम्हा दोघांना शेजारी उभं केलं, वरखाली बघितलं आणि म्हणाला, "तू म्होरं. आन् भाई, तू त्येच्या मागं." संपलं. इतक्यात माणसाचा जन्म ठरतो बघा.

वल्ह्याचंही तसंच. सुतारानं सागाच्या एकाच फळीतनं आम्हा दोघांची वल्ही काढली. भिंतीला टेकवून ठेवलेली. मी नमाज पढून गेलो, तोवर यानं एक उचललेलं. राहिलं ते माझं. त्याच्या दांड्याचं लाकूड असं सरळ, की वरपासून खालपर्यंत रेघ मारून घ्यावी. माझ्या दांड्यात मात्र पात्याच्या जरा वर एक गाठ. मी म्हटलं, "बदल की." तर म्हणतो, "हाताला लागलं गड्या आता." कसला हाताला लागलं! सकाळी तर उचललेलं.

आता फोटोंचं ऐका. माझं खरं दुखणं तिथं आहे.

शर्यतीला एक फोटोग्राफर यायचे. घाटाच्या शेवटच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात धोतर खोचून उभे राहायचे, कारण होड्या तिथंच संपायच्या. म्हणजे होडी यायची ती सरळ त्यांच्या अंगावर. अशा फोटोत कोण येणार? पुढचा. वल्हं उगारलेलं, पाणी उडालेलं, दात दिसतायत, हिरोच. आणि त्याच्या बगलेतनं बाहेर आलेलं एक कोपर. ते मी. दर वर्षी फोटो निघायचा, दर वर्षी तो नवीन दिसायचा आणि दर वर्षी माझं कोपर. ते कोपर मी कुठंही ओळखीन. लहानपणी काचेनं कापलेली खूण आहे त्याला.

या फोटोंमुळं काय काय झालं सांगू? माझं लग्न जमवत होते मिरजेत. मुलीकडच्यांनी फोटो मागितला. अम्मीला वाटलं, शर्यतीचा पाठवू, मर्दासारखा दिसतोय पोरगा. निरोप दिला की होडीतला आहे तो. त्यांनी फोटो बघितला, घरादारानं पसंत केला. प्रत्यक्ष आम्ही गेलो तेव्हा माझे सासरे माझ्याकडं बघतात, फोटोकडं बघतात, परत माझ्याकडं बघतात. शेवटी बिचाऱ्यांनी विचारलं, "नवरदेव मागनं येतायत काय?" झालं लग्न, नशीब. पण आजही भांडण निघालं की बायको म्हणते, मला दाखवला तो दुसराच होता. आणि हा! ह्याला ही गोष्ट कळली तेव्हा इतका हसला की आमच्या दुकानातली काच फुटायची बाकी राहिली. वर माझ्या बायकोला "वैनी, चुकलंच तुमचं" म्हणून दर ईदला शिरखुर्मा हादडून जायचा. तीही त्यालाच आधी वाढायची.

जळत होतो मी. साफ सांगतो. दोस्त होता, जिवाचा होता, आणि त्याच्यावर मी जळत होतो. दोन्ही एकदम होतं. तुम्हाला नसेल असा कुणी तर तुम्ही नशीबवान.

हरलो तेव्हाही नाव त्यानंच कमावलं. एका वर्षी आमची होडी सगळ्यांच्या पुढं. घाट आला, लोक ओरडतायत, आणि माझं वल्हं कडकन मोडलं. कुठं? त्या गाठीत. मी सगळा जोर लावलेला, पुढं टेकायला काही उरलं नाही, निम्मा होडीबाहेर गेलो. तोंडात पाणी. त्याच वेळी त्यानं विचारलं, "हायस न्हवं?" मी कसला बोलतोय! मग तो वळला. पुढच्या गड्यानं कधी करू नये ते त्यानं केलं. मला ओढून आत घेतलं, होडी आडवी झाली आणि डिग्रजची होडी आमच्या शेजारनं गेली.

घाटावर आलो तेव्हा मला वाटलं, आता तरी ह्याला दोन शिव्या बसतील. छे! लोकांनी खांद्यावर घेतला. "दोस्तासाठी शर्यत सोडली पठ्ठ्यानं!" जिंकलेल्यांचा फेटा राहिला बाजूला, गावभर ह्याचीच गोष्ट. आजही सांगतात. आणि त्या गोष्टीत मी कोण? "दोस्त." वल्हं माझं मोडलं, पाणी माझ्या नाकात गेलं, आणि नाव त्याचं झालं. जिंकला तरी हाच, हरला तरी हाच.

मग प्रपंच आले. त्याचा मळा, माझं दुकान. त्यानं आपलं वल्हं घराच्या भिंतीला टांगलं, दर दसऱ्याला तेलाचं बोट फिरवायचा. माझं मोडकं वल्हं अम्मीनं कधीच चुलीत घातलं.

मागचा महापूर आला तेव्हा आम्ही दोघेही आजोबा झालेलो. पाणी बाजारपेठेत शिरलं. दुपारी बघतो तर हा छातीभर पाण्यातनं एक जुनी होडी ओढत आमच्या दारात. भिंतीवरचं वल्हं हातात. "चल गड्या, बस मागं." म्हटलं, "गुडघे बघ माझे." तर म्हणतो, "हुडीत गुडघं लागत्यात व्हय रं?" माझ्यासाठी कुठनं तरी एक फळी आणलेली वल्हं म्हणून. गेलो. माडीवर अडकलेल्या बाया, एक बाळंतीण, दोन शेरडं, काय काय काढलं आम्ही. "हायस न्हवं?" "हाय!" असं अंधार पडेपर्यंत. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला परत कधी झाला नाही. आणि दुसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रात फोटो आला. पुढं हा, पांढऱ्या मिशा, वल्हं उगारलेलं. मागं कोपर. मी पेपर घडी करून दुकानातल्या चुन्याच्या डब्याखाली घातला.

पूर ओसरल्यावर मात्र माझ्या दुकानात रांग लागली. प्रत्येक घरातले फोटो चिखलात गेलेले. मी ते धुतले, कागदात दाबून वाळवले, नातवाच्या कॉम्प्युटरवर साफ करायला शिकलो. त्या फोटोंतनं जुन्या शर्यतींचे बरेच निघाले. होड्यांच्या मंडळाच्या पोरांनी ठरवलं, प्रदर्शन करायचं. सगळ्या चौकटी मी केल्या. उद्‌घाटनाला माझी नात आली, सहावीत आहे. पोरगी एकेका फोटोपुढं उभी राहते आणि विचारते, "दादा, तुम्ही कुठायत?" मी बोट ठेवतो, "हे." पुढचा फोटो. "आणि यात?" "हे." शेवटी ती म्हणाली, "दादा, हे तर कुणाचंपण कोपर असेल." आणि मैत्रिणीकडं बघून हसली.

मला सांगा, काय करायचं माणसानं? तिला मी ती लहान असल्यापासनं सांगत आलोय, मी होडी मारायचो, मी असा, मी तसा. एक फोटो नाही दाखवायला. माझे लग्नातले आहेत, आधार कार्डावरचा आहे, दुकानात बसलेला आहे. वल्हं हातात धरलेला, तोंड दिसतंय असा एकही नाही. तिच्या डोळ्यांत मी थापाड्या ठरलो.

तेवढ्यात पुढच्या फोटोपाशी उभा असलेला हा पाठीमागं हात करून विचारतो, "हायस न्हवं?"

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत म्हटलं, "न्हाई! न्हाई मी! कुठं दिसतोय तुला? जलमभर माझ्या तोंडाम्होरं बसलास तू!"

तो सावकाश वळला. मला वाटलं हसेल, तर हसला नाही. माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "एक हाय फोटू. त्यात तू हायस. चांगला दिसतुयास."

"कुठाय?"

"माझ्या ट्रंकंत."

"मग आण की!"

"देनार न्हाई. त्यो माझा हाय."

"का पण?"

"म्होरच्यानं मागं बघितल्याला फोटू हाय गड्या. भितीवर लावत्यात व्हय असला? म्या मेल्यावर बघ." आणि मग हसला, नेहमीसारखा. "आन् तुला तरी कशाला पायजे रं फोटू? तुमच्यात हार कुटं घालत्यात!"

मी त्यानंतर किती मागं लागलो. चहा पाजला, रागावलो, बोलणं सोडलं, बायकोला मधे घातलं. तिच्यापुढं तरी वितळेल म्हणून. गडी बधला नाही. नुसतं म्हणायचा, "हाय तिथं हाय." मला तर शंका यायला लागली, फोटो नाहीच, मला झुलवतोय. फोटो असला काय, नसला काय, माझी झोप मात्र यानं उडवली.

पौषात गेला तो. सकाळी मळ्यात मोटर चालू करायला गेला आणि तिथंच बसला. कुणाला हाक मारली नाही. मारली असेल तर मी तिथं नव्हतो "हाय" म्हणायला. घाटापर्यंत मी चालत गेलो. तो पुढं चार खांद्यांवर, मी मागं. गुडघ्यामुळं जरा मागंच पडत होतो, आणि सारखं वाटत होतं, आता हात मागं येईल.

चार-पाच दिवसांनी त्याची सून दुकानात आली. पदर सावरून पाकीट पुढं केलं.

"चाचा, मामंजींचा फोटू करायचाय. तेराव्याला पायजे. त्येंनी सांगून ठिवलं हुतं, ह्योच लावा म्हनून."

मी पाकिटातनं फोटो काढला.

ती मोडलेल्या वल्ह्याची शर्यत होती. फोटोग्राफरनं नेमका तो क्षण धरलेला, आणि यानं तो त्यांच्याकडनं मागून घेऊन कधी कुणाला दाखवला नव्हता. तो कमरेतनं सगळा मागं वळलेला. उजव्या हातात वल्हं वर तसंच. तोंड अर्धंच दिसतंय, पण नुसता भ्यालेला दिसतोय हो तो! त्याला भ्यालेला मी कधी बघितलं नव्हतं. आणि तो बाजूला झाल्यामुळं मागं स्वच्छ उन्हात, कपाळापासून कमरेपर्यंत, मी. हातात निम्मं वल्हं, तोंड उघडं, केस कपाळावर चिकटलेले. जवान. देखणासुद्धा, मीच म्हणतो.

सून सांगत होती, "त्यो मागचा मानूस तेवढा काडून टाका चाचा. कोन हाय ठावं न्हाई. जित्ता असला तर हार घालाया नगं, वंगाळ दिसतंय."

तिचं बरोबर होतं. माझ्या धंद्यात हेच तर काम. गेलेल्या माणसाचा एकटा फोटो कुठल्या घरात असतो? लग्नातला आणतात, जत्रेतला आणतात, आणि मी शेजारची जिवंत माणसं कापून काढतो. अब्बांच्या काळात कात्रीनं, आता कॉम्प्युटरवर. जिवंत माणसाला हाराच्या चौकटीत ठेवायचं नाही, हा रिवाज आमच्यात नसला तरी माझ्या हाताला पाठ आहे.

"जित्ता हाय," मी म्हणालो.

"वळखता व्हय तुमी?"

"जरा जरा."

ती गेल्यावर आधी मी अख्खा फोटो नातीसाठी काढला, मोठा. ती शाळेतनं आली तसा पुढं धरला. पोरगी बघतच राहिली. "दादा! खरंच तुम्ही!" मला काय वाटलं ते सांगता येत नाही. छाती फुगली. मग ती फोटो जवळ नेऊन म्हणाली, "आणि हे पुढचे तुमचे दोस्त! कसले भारी दिसतात ना!"

घ्या. पाठमोरा, भ्यालेला, अर्ध्या तोंडाचा, तरी तोच.

मग चौकटीच्या कामाला बसलो. मला काढायला सुरुवात केली. डोकं गेलं, छाती गेली, मोडकं वल्हं गेलं. कोपरापाशी येऊन हात थांबला. त्याचा डावा हात मागं आलेला होता, तोच, नेहमीचा. आणि त्या हातानं माझं कोपर धरलेलं. बोटं मांसात रुतलेली. त्या दिवशी मला कुठं धरून ओढलं ते माझ्या ध्यानातच नव्हतं. मी कोपर पुसून बघितलं. त्याचा हात रिकामा राहिला, हवेत, काहीतरी निसटून गेल्यासारखा. मी ते परत ठेवलं.

जन्मभर ज्या कोपराचा मला राग होता, ते मी माझ्या हातानं फोटोत ठेवलं.

सून न्यायला आली तेव्हा बारकाईनं बघत म्हणाली, "चाचा, ह्ये कोपार ऱ्हायलं की हितं."

"राहू दे. ते काढलं तर त्यांचा हात बिघडतो."

"पर जित्त्या मानसाचं हाय न्हवं?"

"त्या माणसाची ना न्हाई," मी म्हणालो. "मी विचारलंय त्याला."

तेराव्याला गेलो. सोप्यात माणसं बसलेली, भिंतीवर तेल लावलेलं वल्हं, त्याखाली फोटो, झेंडूचा हार. हार त्याच्या गळ्यातनं उतरून माझ्या कोपरावर टेकला होता. जो येईल तो फोटोपुढं थांबत होता. "काय गडी हुता!" म्हणत होता. कोपराबद्दल कुणी काही विचारलं नाही. मी पाया पडणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो, आणि माझा नंबर आला. फोटोत तो त्या कोपराकडं, म्हणजे माझ्याकडं वळलेला होता, आणि त्याचा हात मागं आलेला होता.

"हाय रं," मी म्हणालो. "हाय मी. हो म्होरं."